पाच वर्षांची बॅटरी शंभर दिवसांत

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, कपडे वाळत घालायचे बाकी आहेत, आणि आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण आपल्याच जमातीशी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांशी. सगळ्यात आधी माझ्याशी.

निमित्त झालं गेल्या आठवड्यातल्या एका मीटिंगचं. विषय होता रानावनात बसवायच्या वायरलेस सेन्सरांचा. तिथे वीज नाही, वायर नाही. सेलवर चालणारी एक डबी, ती काहीतरी मोजणार आणि रेडिओवरून पाठवणार. एक जण छान इस्त्रीच्या शर्टात म्हणाला, "डेटा रिअल टाइम पाहिजे. दर दहा सेकंदांनी." मी विचारलं, "कशाला?" तो म्हणाला, "ग्राफ स्मूथ दिसतो." मी म्हटलं, "आणि बॅटरी?" त्यावर उत्तर आलं, "ते हार्डवेअरवाले बघून घेतील."

पुढची पाच मिनिटं मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी एवढा का भडकलो ते लिहिण्यासारखं आहे. कारण हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि त्याचं बिल माझ्या मावसभावाने भरलं होतं.

दादा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. द्राक्षवाल्याची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे डाऊनी. पान ठराविक तास ओलं राहिलं, हवामान पोषक असलं की ही बुरशी शिरते, आणि फुलोऱ्यात शिरली तर घडच्या घड जातात. म्हणून पान किती वेळ ओलं होतं हे कळलं तर फवारणी वेळेवर होते, आणि उगाच मारलेल्या चार फवारण्या वाचतातही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मी वर्क फ्रॉम होमच्या कृपेने तिकडेच मुक्कामी होतो. दादाने एका कंपनीचे आठ नोड घेतले होते. (कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची एकटीची नव्हती.) पानाचा ओलावा, मातीचा ओलावा, तापमान. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बॅटरी पाच वर्षं'.

सेटिंग कोणी केलं? अर्थात घरातल्या इंजिनिअरने. किती वेळाने डेटा पाठवायचा, या रकान्यात पंधरा मिनिटं होतं. मी ते एक मिनिट केलं. दादाने विचारलंही, "एवढ्या घाईघाईनं कशाला रे?" मी म्हटलं, "असू दे, जास्त डेटा कधीही चांगला."

नोव्हेंबरमध्ये, बरोबर फुलोऱ्यात, दादा दोन दिवस संगमनेरला लग्नाला गेला. शेजाऱ्याचा फोन आला, इकडे रात्री भुरभुर झाली म्हणून. दादाने मोबाइल उघडला. हिरवा ठिपका, खाली अक्षरं, 'पान कोरडं'. आपल्या बागेत झालेली दिसत नाही, म्हणून तो निर्धास्त राहिला. प्रत्यक्षात त्या पट्ट्यातले तिन्ही नोड आदल्या दिवशी मेले होते. डॅशबोर्ड मेल्यावेळचा शेवटचा आकडा दाखवत बसला होता. त्या पट्ट्यातले निम्मे घड गेले. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता हिशेब. मी नंतर केला, तुम्ही आधी करा.

हे नोड लोरा नावाच्या रेडिओवर बोलत होते. लोराची गंमत अशी की सिग्नल कमजोर असला की तो तोच निरोप हळूहळू, ताणून बोलतो, म्हणजे लांबच्याला ऐकू जावा. या ताणण्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात, ७ ते १२. छोटासा निरोप ७ वर साधारण ६० मिलीसेकंदांत संपतो. तोच १२ वर दीड सेकंद घेतो. पंचवीस पट वेळ, म्हणजे पंचवीस पट वीज.

बोलताना रेडिओ ४० मिलीअँपिअर खातो असं धरा. गुणिले दीड सेकंद म्हणजे ६० मिलीअँपिअर-सेकंद. ३६०० ने भागलं की एका निरोपाला साधारण ०.०१७ मिलीअँपिअर-तास. दर मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १४४० निरोप, म्हणजे २४ मिलीअँपिअर-तास. सेल होता २४०० चा. पुढचा भागाकार तिसरीतलं पोरगं करेल. शंभर दिवस! ऑगस्ट ते नोव्हेंबर.

आणि पाच वर्षं कुठून आली होती? फॅक्टर ७ धरला तर एक-एक मिनिटाने पाठवूनही दिवसाचा खर्च १ मिलीअँपिअर-तासाच्या आत राहतो. झोपेतला खर्च मिळवला तरी पाच वर्षं निघतात. म्हणजे माहितीपत्रक खोटं बोलत नव्हतं. ते फक्त अशा बागेबद्दल बोलत होतं जिथे पानं नाहीत, अंतर नाही, आणि लाईट कधी जात नाही.

लाईटचा काय संबंध? तीच तर मजा आहे. निरोप गोळा करणारा गेटवे घरातल्या विजेवर होता. लाईट गेली की गेटवे बंद. लोराच्या नियमांत नोडला अशी सवय लावलेली असते की बऱ्याच निरोपांनंतरही पलीकडून काहीच उत्तर आलं नाही, तर आपलं ऐकू जात नाहीये असं समजायचं आणि पायरी पायरीने आवाज वाढवत, ताणत जायचं. पहिले ६४ निरोप तो थांबतो, उत्तर मागतो, आणखी ३२ नंतर एकेक पायरी चढू लागतो. दर तासाला बोलणाऱ्या नोडला यात चार दिवस लागतात. मिनिटाला बोलणारा नोड चार-पाच तासांच्या लोडशेडिंगमध्ये थेट १२ वर जाऊन बसतो. परत खाली आणण्याची सोय सर्व्हरवर असते, ती आमच्याकडे बंद होती. म्हणजे गावात अंधार, गेटवे मेलेला, आणि बागेत आठ डब्या रात्रभर कोणीही ऐकत नसताना ओरडतायत.

या सगळ्यात हार्डवेअरचा दोष कुठे दिसतो का? मला नाही दिसत. चिप उत्तम होती, सेल उत्तम होता. खड्डा होता तो एका रकान्यातल्या '१' या आकड्यात, आणि तो आकडा सॉफ्टवेअरवाल्याने भरला होता.

हे काही नवीन ज्ञान नाही, आणि मला राग येतो तो याचाच. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक आयलंड नावाचं बेट आहे. तिथे पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलीच्या मंडळींनी तिथे ३२ नोड लावले. माणसांच्या येण्याजाण्याने पक्षी बिथरतात, म्हणून सेन्सर. म्हणजे बॅटरी बदलायला गेलात की मूळ हेतूच गेला. त्यांनी आधी बजेट मांडलं. दोन पेन्सिल सेल, त्यातून वापरता येण्याजोगे २२०० मिलीअँपिअर-तास, आणि चालायचं नऊ महिने. म्हणजे दिवसाला फक्त ८.१. मग या ८.१ मध्ये काय काय बसतं ते बघितलं. आधी तिजोरी, मग खरेदी. आपण उलटं करतो. आधी सगळी फीचर्स ठरवतो, आणि मग बॅटरी कमी पडली की तिच्या नावाने बोटं मोडतो.

त्याच काळातल्या संशोधनाचा दुसरा धडा अजून भल्याभल्यांना पटत नाही. रेडिओला बोलायला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच नुसतं ऐकायला लागते. तेव्हाच्या नोडांत सीसी२४२० नावाची रेडिओ चिप सर्रास असायची. पाठवताना १७.४ मिलीअँपिअर, ऐकताना १८.८. ऐकायला जास्त! कान टवकारून बसलेला नोड, एक शब्द न बोलता, २५०० चे सेल पाच-सहा दिवसांत संपवतो. तोच नोड ९९ टक्के वेळ झोपला तर वर्षभराहून जास्त चालतो. म्हणून २००० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत एसमॅक, बीमॅक वगैरे पद्धती निघाल्या. सगळ्यांचं सार एकच, झोपा. ठरलेल्या वेळी उठा, क्षणभर कानोसा घ्या, कोणी हाक मारत नसेल तर परत झोपा. लोराच्या साध्या नोडांतही हेच आहे. नोड स्वतः बोलल्यावर दोनदा थोडा वेळ ऐकतो, एरवी त्याला हाक मारून उपयोग नाही.

तिसरा धडा बटाट्याचा. नेदरलँड्समध्ये २००५ च्या हंगामात बटाट्यावरच्या करप्याचा अंदाज बांधायला शेतात शंभराच्या आसपास नोड लावले होते. आमच्या डाऊनीसारखाच मामला. सॉफ्टवेअरमधल्या घोळामुळे नोड एकमेकांना प्रोग्रॅमची नवी आवृत्ती वाटत बसले, आणि चार दिवसांत बॅटऱ्या झोपल्या. शेवटी हाती आला अपेक्षित डेटाच्या २ टक्के. त्या लोकांचं मोठेपण असं की त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. आपण काय करतो? यशोगाथा छापतो.

इथे नेहमीचे आक्षेप येतील. एकेक घेऊ.

"बॅटरी मोठी लाव." लाव ना. शंभराचे दोनशे दिवस होतील, पण पाच वर्षं होणार नाहीत. शिवाय आठ नोड दादा बदलेल. आठशे असतील तर? आणि ते बागेत नसून सह्याद्रीतल्या दरडीच्या उतारावर असतील तर? तिथे सेल बदलायला चढणाऱ्या माणसाची मजुरी सेलपेक्षा महाग, आणि पावसाळ्यात त्याचा जीव त्याहून महाग.

"सोलर लाव." हे तर आपलं रामबाण. गेटवेला सोलर जरूर लावा, तो मोकळ्यावर असतो आणि त्याला ऐकत बसावंच लागतं. पण पानाचा ओलावा मोजणारा नोड पानांत असतो, म्हणजे सावलीत. द्राक्षात फवारणी सतत चालू, पॅनेलवर बोर्डो मिश्रणाचा निळा थर बसतो. आणि सेन्सरची खरी गरज ढगाळ दिवसांत असते, जेव्हा पॅनेल रुसलेलं असतं. वर पॅनेल चोरीला जातं ते वेगळंच. काही ठिकाणी सोलर योग्य असेलही, मी नाही म्हणत नाही. पण उधळपट्टी लपवायला लावलेलं सोलर म्हणजे गळक्या टाकीला दुसरा नळ.

"नवीन चिप येतेय, झोपेत फक्त एक मायक्रोअँपिअर खाते." अहो, झोपू द्याल तेव्हा ना! आणि चिपच्या भोवती काय बांधलंय तेही बघा. मी घरी बनवलेल्या पहिल्या नोडवर बाजारातला स्वस्त एएमएस१११७ रेग्युलेटर होता. तो स्वतःच, काहीही काम न करता, ५ मिलीअँपिअर पितो. २४०० चा सेल वीस दिवसांत खलास, एकही निरोप न पाठवता. तो काढला, तर बॅटरी किती उरली हे मोजायला जोडलेले दोन १० किलोओहमचे रेझिस्टर सापडले. त्यांतून कायम १८० मायक्रोअँपिअर वाहतात. म्हणजे बॅटरी मोजणारं सर्किटच दीड वर्षात बॅटरी संपवणार. हे कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही. मीटर लावून झोपेतला करंट मोजावा लागतो. आपल्यातल्या किती जणांनी तो मोजलाय? हात वर करा. मला माझाही हात दिसत नाही, २०२१ पर्यंतचा.

"पण डेटा तर लागतोच ना, मशीन लर्निंगसाठी." कुठला डेटा? मातीचा ओलावा तासातासांत बदलतो. दर मिनिटाचे साठ आकडे म्हणजे एकच आकडा साठ वेळा. पान तर कोरडं असतं किंवा ओलं. त्यात बातमी फक्त दोनदा असते, ओलं झालं तेव्हा आणि वाळलं तेव्हा. बाकी सगळं 'काही नाही, काही नाही, काही नाही' असं मिनिटामिनिटाला कळवणं. पगारी माणसाने असं केलं तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवू.

आणि गंमत म्हणजे हा शहाणपणा आपल्याकडे होता. मिस्ड कॉल आठवतो का? पोचलो की एक रिंग द्यायची आणि कट करायचं. पैसे शून्य, निरोप पूर्ण. दोन रिंगा म्हणजे खाली ये, एक म्हणजे निघालो. आपल्या आयांनी आणि काकांनी कुठलाही रिसर्च पेपर न वाचता हा प्रोटोकॉल बसवला होता, कारण बिल त्यांच्या खिशातून जात होतं. मग आपण क्लाउडवर आलो. तिथे सर्व्हर कायम जागा, वीज भिंतीतून येते, लॉग लिहायला पैसे पडत नाहीत (पडतात, पण कंपनीचे). पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारत बसायची सवय लागली. तीच सवय आपण उचलून पेन्सिल सेलवर नेऊन ठेवली. डेटा किती वेळाने हवा हे ठरवणारा एसीत बसलाय, त्याच्या लॅपटॉपचा प्लग भिंतीत आहे. सेल बदलणारा चिखलात उभा आहे. या दोघांची कधी गाठच पडत नाही, म्हणून हा मूर्खपणा टिकून आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. वीज वाचते ती सर्किटमध्ये थोडी आणि मीटिंगमध्ये जास्त. नोडने दिवसाला किती मिलीअँपिअर-तास खायचे हा आकडा पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर लिहा, आणि प्रत्येक निरोपाला विचारा, तू कोणाचा कुठला निर्णय बदलणार आहेस? उत्तर नसेल तर तो निरोप पाठवायचा नाही. उत्पादन स्वीकारताना बटणांचा रंग तपासतो तसा झोपेतला करंटही तपासा.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. गप्प नोडचा एक खरा धोका आहे. गप्प कोणता आणि मेलेला कोणता, हे बाहेरून सारखंच दिसतं. दादाचं नुकसान त्यातूनच झालं. म्हणून गप्प राहणाऱ्या नोडने ठरलेल्या वेळी 'आहे' एवढं तरी म्हटलं पाहिजे, आणि ते आलं नाही तर पडद्याने बोंब मारली पाहिजे. जुना आकडा हिरव्या ठिपक्यासकट दाखवणं ही मला तरी शुद्ध लबाडी वाटते. शेवटचा निरोप केव्हा आला, हे आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसायला हवं. हे करायला बॅटरीचा एक थेंबही लागत नाही, फक्त लाज लागते.

त्या डिसेंबरात मी चार वीकेंड दिंडोरीला गेलो. डब्या त्याच ठेवल्या, आतला प्रोग्रॅम नव्याने लिहिला. नोड दर पाच मिनिटांनी उठतो, मोजतो, काही बदललं असेल तरच बोलतो. नाहीतर तासाला एकदा 'आहे'. दोन तास आवाज नाही की दादाच्या फोनवर लाल पट्टी. गेटवेचा अँटेना शेडमधून काढून पाण्याच्या टाकीवर चढवला. या एका कामाने सगळे नोड ७ ते ९ मध्ये आले, आणि खर्च काय, तर वायर आणि माझी कंबर. गेटवेला बॅटरी दिली, सर्व्हरवरची ती बंद सोय चालू केली.

२०२२ च्या जानेवारीत घातलेले सेल २०२५ च्या छाटणीलाही चालू होते. ग्राफ अजिबात स्मूथ नाही, जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मी एकदा दादाला विचारलं, "ग्राफ बघतोस का रे?" तो म्हणाला, "ग्राफ कोण बघतं? लाल झालं की फोन वाजतो, मग मी बागेत जातो."

असो. मीटिंगमधल्या त्या इस्त्रीच्या शर्टाला सोमवारी परत भेटायचंय. दहा सेकंदांचं काय ते ठरवायला. यावेळी ओरडणार नाही, फक्त त्याच्यापुढे दोन पेन्सिल सेल ठेवणार आहे आणि एक कॅल्क्युलेटर.